नार्कनचा फवारा घरात होता म्हणून

ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि घरी सोडताना ऑक्सिकोडोनच्या, म्हणजे दुखणं दाबणाऱ्या अफूवर्गातल्या, गोळ्या लिहून दिल्या. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलाने त्याच दिवशी फार्मसीतून नार्कन, म्हणजे अशा गोळ्यांचा अंमल उतरवणारा, नाकात मारायचा नालोक्सोनचा फवारा, आणून फ्रिजवर ठेवला. "व्यसनी माणसांचं औषध आपल्या घरात कशाला?" असं ह्यांनी विचारलंही. तो म्हणाला, "बाबा, गोळी तीच आहे."

एका रात्री दुखणं सहन होईना, तेव्हा ह्यांनी त्या गोळीबरोबर जुनी झोपेची गोळीही घेतली. मध्यरात्री मला जाग आली ती घोरण्याने. आवाज घशात पाणी अडकल्यासारखा होता आणि मध्येच थांबायचा. थांबला की पुढचा श्वास येईचना. दिवा लावला तर ओठ जांभळट. "अहो, उठा" म्हणून गदागदा हलवलं, छातीच्या मधल्या हाडावर मूठ जोरात घासली. काही नाही.

मुलाने ९११ ला फोन लावला, मी पाकीट फाडलं. फवारा आधी हवेत मारून बघायचा नसतो, आत ४ मिलिग्रॅमचा एकच डोस असतो. मान मागे, नळी नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत, आणि दट्ट्या एकदाच पूर्ण दाबायचा. एवढं सोपं आहे. कठीण होतं ते त्यानंतरचं. औषध लागू पडायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तोवर श्वास आपणच द्यायचा. फोनवरची बाई सांगत होती तसं मुलगा ह्यांचं नाक दाबून तोंडाने श्वास देत होता. छाती वर येते का, ते मी बघत होते. फरक पडेना, म्हणून दुसऱ्या नाकपुडीत दुसरा फवारा मारला. मग ह्यांनी स्वतः श्वास घेतला, खोल, घरघरता.

शुद्धीवर आले ते चिडूनच. घाम, मळमळ, आणि पाठीत अशी कळ की ओरडायला लागले. मेंदूत गोळी जिथे बसते तिथून नालोक्सोन तिला हुसकावतं, त्यामुळे दाबलेलं दुखणंही उसळून येतं. "मला काही झालेलं नाही, ॲम्ब्युलन्स परत पाठवा," हा त्यांचा हट्ट. आम्ही ऐकलं नाही. फवाऱ्याचा अंमल साधारण ३० ते ९० मिनिटं, गोळीचा त्याहून बराच जास्त. इस्पितळात श्वास पुन्हा मंदावला आणि शिरेतून परत नालोक्सोन द्यावं लागलं. घरीच झोपवून ठेवलं असतं तर, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

झोपेच्या गोळीवर हे औषध चालत नाही, आणि दोन्ही गोळ्या एकत्र घेणं किती घातक, ते डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. पण माणूस उठत नसेल आणि अफूवर्गातल्या गोळीची शंका असेल, तर फवारा मारावाच. शरीरात अफूवर्गातलं काही नसेल तर त्याने सहसा अपाय होत नाही.

मंडळातल्या ज्यांच्या घरी गुडघ्याची, पाठीची ऑपरेशनं झाली आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन सांगते. न्यू जर्सीत २०२३ पासून ठरावीक फार्मसींमध्ये १४ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही दोन डोसांची पेटी फुकट मिळते. नावही सांगावं लागत नाही.