चंब्यात दोरुखा शिकताना

भरतकाम करणाऱ्या मैत्रिणींना आधीच सांगते, चंब्याचा रुमाल, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं ‘दोरुखा’ भरतकाम, शिकायला जाणार असाल तर सुई हातात घेण्यापूर्वी तिथल्या भुरी सिंग संग्रहालयात निवांत वेळ काढा. तिथली चित्रं बघितली नसती, तर पुढचं शिकणं मला अर्धवटच कळलं असतं.

पुण्याहून झेलम एक्सप्रेसने पठाणकोट आणि तिथून बसने साधारण १२० किलोमीटरचा वळणावळणाचा घाट. चंबा हे रावीच्या काठावरचं हिमाचलमधलं छोटं शहर. मधोमध चौगानचं मैदान आणि संग्रहालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. राजा भुरी सिंग यांनी घराण्याकडची चित्रं दिली आणि १९०८ साली ते सुरू झालं. पाणवठ्यांवर पितरांच्या पुण्यासाठी बसवलेल्या कोरीव शिळा, ताम्रपट, कोरलेले लाकडी दरवाजे असं बरंच काही तिथे आहे, पण मी गेले होते रुमालांसाठी.

लग्नातली भेटीची ताटं आणि देवापुढचा नैवेद्य झाकायचे हे चौकोनी रुमाल. आधी पहाडी लघुचित्रं पाहिली आणि मग रुमाल, तेव्हा दोन्हीकडची रेघ एकच आहे हे लख्ख दिसलं. तसंच सुरूचं झाड, तशीच मुरलीधराभोवती फेर धरलेल्या गोपी, कडेने फुलांची वेल. दरबारी पद्धतीच्या रुमालांवर चित्रकार स्वतः कोळशाने रेखाटन करून देत, रंगही तेच सुचवत आणि भरायचं काम बायका करत. दुसरी लोकपद्धत. तिच्यात रेखाटन बायकांचंच, कापड जाडंभरडं, रंग भडक. जाणकार दरबारी रुमालांचं कौतुक जास्त करतात, मला मात्र या दुसऱ्या रुमालांपुढून हलवेना. त्यातल्या घोड्यांचे पाय कसेही असोत, त्यांच्यात जीव आहे.

रुमाल चौकटीत बसवला की त्याची एकच बाजू दिसते. या कामाचं खरं मर्म मागच्या बाजूला असतं आणि ते मला शिकवणाऱ्या दीदींकडे बसल्यावर कळलं.

दीदींनी पहिल्यांदा माझे हात बघितले. बोटांच्या टोकांना भेगा असल्या की रेशीम अडकतं, म्हणून आधी तेल चोळून, पुसून यायला सांगितलं. कारण हे रेशीम बिनपिळाचं असतं. आपल्या नेहमीच्या रेशमी लडीसारखं ते एकत्र राहत नाही, सुटत जातं. श्वास जोरात सोडला तरी त्याचे तंतू हलतात. पण पीळ नसल्यामुळेच ते कापडावर सपाट पसरतं आणि भरलेला भाग रंगवल्यासारखा तुकतुकीत दिसतो.

गाठ मारायची नाही, हा पहिला नियम. भरायच्या जागेतच दोन-तीन बारीक टाके घालून धागा अडकवायचा, म्हणजे पुढचं काम त्याला झाकून टाकतं. मग टाका पुढे न्यायचा तसाच मागे आणायचा, दोन्ही बाजूंची जागा सारखी भरत. दीदी म्हणायच्या, “धागा ओढू नका ताई, बसवा.” ओढला की मलमल चुणते. सैल सोडला तर उलट्या बाजूला फुगतो. दर थोड्या वेळाने कापड उलटून बघायचं, अशी सवयच लागते. एका पानाएवढी जागा भरायला माझी अख्खी सकाळ जायची. आकृतींना काळ्या धाग्याची बारीक कड असते. त्या कडेनेच गोपीचं नाक आणि डोळा घडतो, म्हणून ते काम दीदी सहजासहजी दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

मधल्या काळात ही कला जवळपास संपत आली होती. महेशी देवींसारख्या कारागिरांनी ती धरून ठेवली, १९९०च्या दशकात दिल्ली क्राफ्ट्स कौन्सिलने जुन्या रुमालांवरून नवे करवून घ्यायला सुरुवात केली. २००७ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२२मध्ये चंब्याच्याच ललिता वकील यांना पद्मश्री. एका रुमालाला कित्येक महिने लागतात हे जवळून बघितल्यावर त्याच्या किमतीवर घासाघीस करणं मला तरी जमणार नाही.

विकत घेणार असाल तर रुमाल आधी उलटा करून बघा. मागे गाठी किंवा लोंबते धागे दिसले तर तो दोरुखा नव्हे. आणि संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघून तिकिटं काढा.