दहाचा नववा घात आणि ९८१

सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हाच कळलं, काहीतरी निस्तरायचं आहे. प्रश्न टाइप करून दिल्यावर आमच्या धंद्यात सकाळचा फोन कधी कौतुकाचा नसतो.

“ताई, अर्धी बॅच कुलोमच्या नियमात ९८१ काहून टाकून राहिली?”

मला भौतिकशास्त्र येत नाही, मी ते फक्त टाइप करते. नागपूरच्या नंदनवन भागात घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक सदा चिडलेला स्टॅबिलायझर, असा संसार. क्लासवाल्यांचे पेपर, डिप्लोमाच्या पोरांचे प्रोजेक्ट, लग्नसराईत पत्रिका. पण फोनवरच्या त्या क्लासच्या सरांनी स्क्रीनशॉट पाठवला आणि माझ्या पोटात गोळा आला.

कुलोमचा नियम म्हणजे दोन विद्युत प्रभारांमधल्या बलाचा, आणि त्यातला स्थिरांक ९×१०⁹ माझ्या फाइलीत अगदी नीट दिसत होता. सरांनी रात्री तोच मजकूर वर्डमधून उचलून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चिकटवला, आणि तिथे वरचा नऊ खाली उतरून शून्याच्या मांडीला मांडी लावून बसला. झालं ९×१०९. पोरांनी सरळ गुणाकार केला, ९८१. आता गंमत अशी की सीजीएस पद्धतीत गुरुत्व त्वरण सुमारे ९८१ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग असतं आणि तो आकडा पोरांच्या तोंडपाठ. त्यामुळे काही चुकलंय असं वाटायच्या ऐवजी त्यांची खात्रीच पटली. एकाने तर ‘इथे जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, घ्यायचा आहे’ म्हणून बाकीच्यांना समजावूनही सांगितलं!

चूक माझीच. कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून मी तो नऊ वर चढवला होता. वर्षानुवर्षं तसंच करत आले. कागदावर छापायचं असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण असा नऊ आतून साधा नऊच राहतो, फक्त शिडीवर उभा असतो आणि शिडी वर्डची असते. मजकूर दुसरीकडे नेला की शिडी मागे राहते. याउलट ⁹ असा वेगळा, स्वतंत्र अक्षर म्हणून जन्मलेला नऊही असतो. तो कुठेही चिकटवा, वरच राहतो.

तेव्हापासून माझी परीक्षा एकच. सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघायचा. नोटपॅडला सुपरस्क्रिप्ट, म्हणजे वर चढवलेलं अक्षर, समजत नाही. तिथे जे टिकलं ते व्हॉट्सॲपवर, ईमेलात, पोरांच्या मोबाइलवर टिकणार. मिनिटभराचं काम आहे.

आता हा खरा ⁹ आणायचा कुठून? माझ्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला आहे, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या काळापासूनचा, कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलेला. आल्ट दाबून धरायचं आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर ०१७६ मारायचं, की अंशाचं चिन्ह. ०१७७ म्हणजे ±, ०१७८ म्हणजे ², ०१७९ म्हणजे ³, ०२१५ म्हणजे ×, ०२४७ म्हणजे ÷. सुरुवातीचं शून्य गाळायचं नाही, कारण शून्य नसलं की विंडोज जुन्या डॉसच्या यादीत शोधतं आणि भलतंच काही उमटतं. पण ⁹ या कागदावर नाहीच. ¹, ² आणि ³ विंडोजच्या जुन्या यादीत होते, चारपासून पुढचे घात युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीने, वेगळ्या घरात ठेवले. म्हणूनच काही फॉन्टमध्ये ³ आणि ⁴ शेजारी लिहिले की उंची जुळत नाही. मला वाटायचं आपला प्रिंटर बिघडलाय.

वर्डमध्ये ⁹ साठी इंग्रजी आकड्यांत २०७९ टाइप करून आल्ट आणि एक्स दाबायचं. फक्त आधी १०ही इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं असेल तर वर्ड ते दहासुद्धा त्यात ओढून घेतं, म्हणून शेवटचे चार आकडे सिलेक्ट करायचे, मग आल्ट-एक्स. आणि माझ्या भाच्यासारखा आकड्यांची पट्टी नसलेला लॅपटॉप असेल तर वरच्या ओळीतल्या आकड्यांनी आल्टचं काम होत नाही, कितीही ठोका. त्याच्यासाठी विंडोजचं बटण आणि पूर्णविराम. हसऱ्या चेहऱ्यांची खिडकी उघडते, तिच्यातच चिन्हांचा कप्पा आहे. ती खिडकी फक्त रडक्या-हसऱ्या तोंडांसाठी आहे, असं मला दोन वर्षं वाटत होतं.

अंशाची एक वेगळीच कथा आहे. बर्डीवरच्या एका कूलरवाल्याचा फ्लेक्स करायचा होता. त्याला मोठ्या अक्षरात हवं होतं, २३ मे २०१३, नागपूर, ४७.९ अंश. आपल्या गावाचा तो विक्रमच, जाहिरातीला आणखी काय लागतं? घाईत मी आल्ट १६७ मारलं. पडद्यावर हुबेहूब अंश दिसला. फ्लेक्स छापून आला तर त्या चिमुकल्या गोलाखाली एक रेघ! ते अंशाचं चिन्ह नव्हतंच. स्पॅनिश, पोर्तुगीज लोक ‘पहिला’, ‘दुसरा’ लिहिताना आकड्यापुढे जो बारका ओ लावतात, तो तो होता. काही फॉन्टमध्ये त्याच्याखाली रेघ असते, काहींत नसते. दुकानदार म्हणाला, “राहू द्या ताई, लोकं गर्मी वाचतात, गोल नाही वाचत.” पण मला त्या चौकातून जाताना पावसाळा लागेपर्यंत मान खाली घालावी लागली.

हे सगळे आकडे पाठ करायचा सल्ला मी कोणालाच देणार नाही. माझ्या हातांना ते येतात कारण पोट त्यावर आहे. बाकीच्यांना मुळात लागतात किती चिन्हं? आठ, फार तर दहा. ती एकदा कीबोर्डला शिकवून टाकायची.

वर्डचं ऑटोकरेक्ट त्यासाठीच आहे, पण त्यातही मी आपटले. कंसात सी लिहिलं की वर्ड आपोआप © करतं. बहुपर्यायी प्रश्नांत तिसरा पर्याय दरवेळी कॉपीराइटचा होतो, हे पेपर टाइप करणाऱ्या प्रत्येकाने भोगलंय. त्यावरून मला सुचलं, कंसात डी लिहिलं की ° व्हावं! केलं सेट. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पन्नास प्रश्नांचा चौथा पर्याय अंश झाला. हुशारी अंगाशी येते ती अशी.

मग नीट वाट सापडली. त्याच ऑटोकरेक्टच्या चौकटीत ‘मॅथ ऑटोकरेक्ट’ नावाचा दुसरा कप्पा आहे, आणि त्यात समीकरणाच्या बाहेरही हे नियम वापरा अशी एक खूण करायची जागा आहे. ती खूण केली की उलटी तिरकी रेघ देऊन टाइम्स लिहायचं आणि स्पेस, × हजर. तसंच थीटा, तसंच पीएम म्हणजे ±, एलई म्हणजे ≤. पर्यायांच्या कंसांशी भांडण नाही, कारण उलटी रेघ एरवी कोण वापरतं? आपल्याला हवं ते त्या यादीत भरताही येतं. मी ⁹ भरला आणि उणे एकोणिसावा घात अख्खाच भरला, ⁻¹⁹, कारण इलेक्ट्रॉनचा प्रभार आला की तो येतोच.

सरांना मोबाइलवर हवं होतं. त्यांच्या जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, २ दाबून धरला की ² मिळतो, अंश चिन्हांच्या दुसऱ्या पानावर असतो, पण सरांना पानं उलटायचा कंटाळा. मग सेटिंगमध्ये जाऊन डिक्शनरी, त्यात पर्सनल डिक्शनरी, त्यात एकेक चिन्ह न भरता मी त्यांची सगळी नेहमीची मूल्यंच भरून दिली. केके लिहिलं की वरच्या पट्टीत ९×१०⁹ येतं, बोट लावलं की बसतं. तर्री पोहे यायच्या आत सात मूल्यं भरून झाली. सर म्हणे, “हे आधी काहून नाही सांगितलं?”

तुमच्या लक्षात आलं असेल, वर मी १० मराठीत लिहिते आणि घात इंग्रजीत. इलाज नाही. घातासाठी वर चढलेले देवनागरी अंक युनिकोडमध्ये नाहीत. नवल म्हणजे सामवेदाच्या स्वरांसाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक आहेत, शून्य ते नऊ सगळे! ऋषींची सोय झाली, मराठी माध्यमाच्या दहावीची राहिली.

आपल्या र्‍हस्वातल्या ‘र्‍ह’ चा आणि दऱ्यांतल्या ‘ऱ्या’ चा छळही याच जातीचा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’चं बटण दाबलं की खाली टिंब असलेला ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त, मग य. तीन बटणं. न जमणारे लोक रफार देऊन मोकळे होतात आणि ‘आचाऱ्यांना पाच हजार दिले’ च्या जागी ‘आचार्यांना पाच हजार दिले’ असा हिशेब छापला जातो. महाप्रसादाच्या जमाखर्चात हे मी स्वतः केलंय. मंडळाचे अध्यक्ष विचारत होते, आचार्य कोण आले होते?

काल सरांचा मेसेज आला. प्रवासात होते, फोन बदललेला, डिक्शनरी गेलेली. त्यांनी प्रश्न पाठवला होता साध्या टोपीने, १०^९ असा. खाली लिहिलं होतं, “टोपी चालते ना ताई?”

चालते, म्हटलं. नोटपॅडमध्येही टिकते. फक्त घातात बेरीज असेल तर कंस घाला, २^(न+१) असा. नाहीतर पोरं आधी दोनचा न-वा घात काढतील आणि मग त्यात एक मिळवतील, आणि सकाळी पावणेसातला तुम्ही मला फोन कराल.