देवाचं खातं

लक्ष्मीपूजनाला मार्केटमधल्या दुकानांत अजूनही लाल वही मांडतात, हिशेब सगळा कंप्युटरवर, जीएसटी ऑनलाइन, तरी वही पाहिजेच. पहिल्या पानावर श्री, खाली स्वस्तिक आणि शुभ लाभ. मला त्यातला तो लाभ फार आवडतो, म्हणजे देवापुढे सरळ सांगून टाकायचं की बाबा रे आम्ही नफ्यासाठीच बसलोय, लाजायचं कशाला!

आणि हे फक्त आपल्याकडेच असं नाही हां. इटलीत प्रातो गावचा फ्रान्चेस्को दातिनी म्हणून व्यापारी होता, 1410 ला वारला, लोकर, कापड, मसाले, चिलखतं, काय वाटेल ते विकायचा, आणि त्याच्या वह्यांवर लिहिलेलं असायचं, देवाच्या आणि नफ्याच्या नावाने. गंमत म्हणजे चर्चच्या लेखी तेव्हा व्याज घेणं पाप, मग ही मंडळी हुंडीत, म्हणजे दुसऱ्या गावी पैसे द्यायच्या चिठ्ठीत, एका चलनाचे दुसऱ्या चलनात पैसे देताना दरातच व्याज मुरवायची, कागदावर व्याजाचं नावच नाही. तरी मनाला कुठेतरी टोचत असणार, कारण दातिनीने मरताना बहुतेक सगळी इस्टेट गावच्या गरिबांसाठी ठेवली. फ्लॉरेन्सच्या बार्डी कंपनीत तर देवाच्या नावाचं खातंच होतं, नफ्यातला त्याचा वाटा गरिबांना जायचा. देव डायरेक्ट पार्टनर!

आपले व्यापारी त्याहून हुशार, बिलातच धर्मादायाचे पैसे लावायचे. पुण्य शेठचं, पैसे गिऱ्हाइकाचे.

यात तुकोबा मात्र वेगळे. देहूतलं वाण्याचं घर, महाजनकी, सावकारी, आणि 1630 च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात बायको गेली, मूल गेलं, धंदा बसला. 'बरें झालें देवा निघालें दिवाळें' असं लिहायला काय छाती लागत असेल! मग कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्याआधी त्यांनी वाटणी केली हे कुणी फारसं सांगत नाही. धाकट्या भावाचे, कान्होबाचे, अर्धे कागद त्याच्या हातात दिले आणि फक्त आपल्या वाट्याचे पाण्यात सोडले. दुसऱ्याला येणाऱ्या पैशांवर स्वतःचं पुण्य नाही करायचं, इतका चोख हिशेब.

मी आपला त्या कुळांचाच विचार करत बसतो, शेजारीशेजारी दोन शेतकरी, एकाचं कर्जखत नदीत आणि दुसऱ्याचं कान्होबाकडे, व्याज चालू!