आठव्या स्टडच्या पोटात काय निघालं

गाडी जुनी, चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, ॲल्युमिनियमचं हेड (सिलेंडरांवरचं झाकण). मालकीणबाईंची तक्रार एवढीच होती की सकाळी स्टार्ट केली की टिकटिक आवाज येतो आणि पाच-सात मिनिटांनी आपोआप जातो. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) असतील म्हणून आधी दोनदा टॅपेट सेटिंग करून झालं होतं पण फरक शून्य. मी थंड इंजिनवर ऐकलं, रेस दिली की आवाज फटफट करत वाढत होता, टॅपेटचा आवाज असा येत नाही. मॅनिफोल्ड (सिलेंडरांमधला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा पाइपांचा जोड) गरम होऊन पसरलं की फट भरते आणि आवाज बंद होतो, म्हणजे एक्झॉस्टचा लीक. हात जवळ नेला तर शेवटच्या सिलेंडरपाशी फुसफुस हाताला लागली, आणि पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पट्टा पण दिसला.

हीट शील्ड काढून टॉर्च मारला तर आठपैकी सात नट जागेवर आणि आठव्याच्या जागी नुसतं भोक. टोकाचाच स्टड (हेडमध्ये बसवलेला आटेवाला रॉड, त्यावर नट आवळून मॅनिफोल्ड धरतात) होता तो. मॅनिफोल्ड गरम होताना लांबीत वाढतं आणि त्या वाढीचा सगळ्यात जास्त ताण टोकाच्या स्टडवर येतो, त्यामुळे मोडताना बहुतेक वेळा तेच मोडतात.

आधी बाकीचे सात सुखरूप काढायचे होते आणि मला खरी भीती त्यांचीच होती. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं आणि सकाळी परत मारलं. लांब टॉमी लावून एकदम जोर द्यायचा नाही, आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाबायचं, मग उलट, मग परत. करकर असा कोरडा आवाज आला की बरं वाटतं, म्हणजे गंज तुटतोय. पण आवाज न करता पाना मऊसर फिरायला लागला की तिथेच थांबायचं, कारण तेव्हा आटे सुटत नसतात, स्टड पिळवटत असतो. हे हाताला कळायला मला कित्येक वर्षं लागली आणि शिकताना काही स्टड मोडले पण आहेत. पाचव्याला तसंच मऊ लागलं तेव्हा मी पाना खाली ठेवला, नट गॅसने तापवला, तेल मारलं आणि तासाभराने परत हात लावला, तेव्हा सुटला. सातही निघाले, दोन तर नटासकट स्टड घेऊन बाहेर आले.

मॅनिफोल्ड बाजूला केलं आणि आठवा नीट दिसला. हेडच्या तोंडापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर आत तुटलेला आणि वर राखाडी पुटीसारखं काहीतरी भरलेलं. ती खरवडली, सेंटर पंच मारला तर खूणच उमटेना, पंचाचंच टोक बसलं. माझा पोरगा (हेल्पर, पण मी पोरगाच म्हणतो) ड्रिल घेऊन तयार होता, त्याने टेकवलं तर चीं असा आवाज आणि बिट जळून निळं. म्हटलं थांब, बंद कर. भिंग लावून बघितलं तर स्टडच्या बरोबर मधे वेगळ्या रंगाचा, चकचकीत गोल. इझी आउट, म्हणजे मोडका स्टड बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार! आधी कोणीतरी भोक पाडून इझी आउट ठोकलेलं, ते आतच मोडलं आणि वरून पुटी भरून गाडी परत दिलेली.

मला मनापासून राग आला. मोडतं माझ्याकडून पण, मोडण्याबद्दल तक्रार नाही, पण निदान सांगायचं तरी. त्या बाई दोनदा टॅपेटचे पैसे भरून आल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इझी आउट भयंकर कडक स्टीलचं असतं, साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल त्याला खात नाही. शिवाय आकार निमुळता, त्यामुळे जेवढं आत जातं तेवढं स्टडला आतून फुगवतं आणि आटे अजून आवळतात. स्टड नुसता ढिला असेल तर ते छान काम करतं, गंजून एकजीव झाला असेल तर माझ्या मते त्याला हात लावू नये. आणि इथे तर लोखंड आणि ॲल्युमिनियमची जोडी, ओल मिळाली की दोघांत पांढरी पूड तयार होते आणि ती आट्यांमध्ये घट्ट बसते.

बाईंना फोन करून आत काय सापडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दादा, निघेल का?" मी म्हटलं, "ताई, एक रस्ता आहे, तो चालला नाही तर हेड उतरवावं लागेल." त्या म्हणाल्या, "करा तुम्ही."

रस्ता म्हणजे मिग वेल्डिंग, वायर आपोआप पुढे येत वितळते ते. लोखंडाची वायर ॲल्युमिनियमला धरत नाही, स्टडला धरते, त्यावरच हा सगळा खेळ. बॅटरी सुटी केली, तेल पुसलं, पेट्रोलची लाइन झाकली, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवला. पोरगा ब्रेक क्लीनर मारायला निघाला होता, त्याला तिथेच अडवलं, क्लोरीनवालं असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने विषारी गॅस होतो. ॲसिटोनने पुसलं आणि पूर्ण वाळू दिलं.

मधल्या कडक गोलाभोवती स्टडची जी कडी शिल्लक होती तिच्यावर थेंब थेंब मेटल चढवत हेडच्या वर आणलं, मग वॉशर, मग ८ मिमी आट्यांचा नट आणि तो आतून भरला. पहिला नट फिरवताच वेल्डसकट निघून आला, दुसरा पण. तिसरा थोडा थांबला मग तुटला. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता. पण प्रत्येक वेळी तो स्टड लाल होऊन गार होत होता, गरम होताना फुगायला जागा नाही म्हणून दबतो आणि गार होताना आकसतो, आतला गंज असाच तडकतो, त्यामुळे तुटलेला नट वाया गेला असं मी धरत नाही.

चौथ्याला लाली विझू दिली आणि बुडाशी मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांमध्ये आपोआप ओढलं जातं. १३ चा पाना, आधी घट्ट करायच्या दिशेला. करक! केसभर हलला. मग उलट, परत सुलट, पुन्हा मेण, असं करत अर्धा तास, आणि शेवटी अख्खा स्टड पोटातल्या इझी आउटसकट माझ्या हातात.

आट्यांमधून ८ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवला, पांढरी पूड निघाली, आटे शाबूत होते, हेलिकॉइलची (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) गरज पडली नाही. मॅनिफोल्डवर सरळपट्टी ठेवून वाकलंय का बघितलं, ठीक होतं. आठही स्टड नवीन, अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावून, नवं पॅकिंग, आणि मधून बाहेर असं दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळलं.

पण आवाज तर थंड इंजिनवरच यायचा, म्हणजे त्या दिवशी काहीच कळणार नव्हतं. गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ताई आल्या, मी म्हटलं तुम्हीच सेल्फ मारा. त्यांनी मारला आणि मी बॉनेटखाली वाकून हात शेवटच्या सिलेंडरपाशी धरला. हाताला काही लागलं नाही, कानाला पण नाही. रेस द्या म्हटलं, तरी नाही. मग तो स्टड त्यांच्या हातात दिला आणि मधला चकचकीत गोल दाखवला. त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.