वाऱ्याच्या खालून

रविवार, होर्न

तंबू लागला, भात झाला, भांडीही घासून झाली, तरी उजेड भरपूर होता. जूनमध्ये इथे दहापर्यंत छान दिसतं. मी जुन्या बंदरापर्यंत पायी जाऊन आले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न म्हणतात ते याच गावावरून, इथून निघालेल्या खलाशांनी १६१६ मध्ये ठेवलेलं नाव. मिलिंद मात्र आला नाही. तो तंबूसमोर गवतावर पडून मनगटं चोळत होता.

दोघंही ॲमस्टरडॅमहून एकाच रस्त्याने आलो, सामानही निम्मं निम्मं. त्याची नेहमीची टूरिंग सायकल आहे आणि चांगली आहे. माझी रिकम्बंट, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. लांबच्या प्रवासाला सायकल घ्यायची म्हटलं की लोक वजन विचारतात, गिअर विचारतात, वेग विचारतात. मी म्हणेन, संध्याकाळी खाली उतरल्यावर अंगात किती जीव उरतो ते आधी विचारा. गाव बघायला, कुणाशी चार शब्द बोलायला, हे लिहायला. प्रवासाला निघतो ते त्यासाठीच ना?

माझी मान जुनी दुखणेकरी. साध्या सायकलवर वाकून बसायचं आणि रस्ता दिसावा म्हणून मान वर उचलून धरायची, हे दोन-तीन तासांनी असह्य व्हायचं. मग मान आपोआप खाली जायची आणि पुढच्या चाकाखालचं डांबर तेवढं दिसायचं. अशाने एकदा ऱ्हाइनकाठचा सुंदर टापू मी जवळजवळ न बघताच पार केला होता. आता पाठ जाळीच्या सीटला टेकलेली, पाय पुढे पॅडलवर, हॅन्डल सीटखाली आणि हात दोन्ही बाजूंना सैल. नजर आपोआप समोर आणि थोडी वर. आज दिवसभर ढग बघत आले.

सोमवार, एन्क्हाउझन

आजचा रस्ता जुन्या वेस्टफ्रीस बांधावरून. हा बांध मध्ययुगातला, सगळा मिळून १२६ किलोमीटरचा, आणि जागोजागी उतारावर मेंढ्या. मेंढ्यांनी हद्द ओलांडू नये म्हणून वाटेत लोखंडी नळ्यांच्या आडव्या जाळ्या बसवलेल्या असतात. मिलिंद जाळी आली की सीटवरून उठतो आणि गुडघ्यांवर धक्का झेलतो. मला उठता येत नाही, सगळा हादरा थेट पाठीत. मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर आहे म्हणून निभावतं. पुण्यातले मित्र विचारतात, आपल्याकडे चालेल का ही? माझं उत्तर हेच: स्प्रिंग असलेली घ्या, नाहीतर खड्डे मोजत बसाल. घाटात चढेल, पण पॅडलवर उभं राहून जोर लावता येत नाही, त्यामुळे हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवत, सावकाश चढायची तयारी हवी.

दुपारी बांधावर बसून आईला फोन केला. व्हिडिओत सायकल दाखवली.
"अगं, ही काय आरामखुर्ची का? आणि गाडीवाल्याला तू दिसतेस तरी का एवढ्या खालून?"
"दिसते गं आई. झेंडा लावलाय ना मागे."
"झेंडा राहू दे. तू हळू जा."

दिसण्याबद्दल माझा अनुभव उलटा आहे. साधी सायकल ड्रायव्हरच्या नजरेला इतकी सवयीची असते की तो घासून पुढे काढतो. ही दिसली की वेग कमी करतो आणि लांबून वळसा घेतो. मी साध्या खुर्चीइतकी उंच बसते, फार खाली नाही, आणि आरसा मात्र हवाच, कारण मागे वळून बघणं या सीटवर जमत नाही.

हे गाव यान ह्युखन फान लिन्सखोटनचं. हा १५८३ पासून पाचेक वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. पोर्तुगीजांनी जपलेली सागरी वाटांची माहिती त्याने परत येऊन १५९६ मध्ये छापली आणि डच जहाजांना पूर्वेचा रस्ता उघडा झाला. म्हातारपण गाठण्याआधीच, १६११ मध्ये, तो इथेच वारला. गोव्याचे आंबे, फणस, बाजार यांची त्याने केलेली वर्णनं आठवत त्याच्या गल्ल्यांतून तासभर फिरले. पाय दुखत नव्हते.

मंगळवार, लेलिस्टाड

आजचा दिवस सविस्तर लिहायचा आहे.

एन्क्हाउझन ते लेलिस्टाड हाउट्रिबडाइक आहे, पाण्यातून गेलेला सुमारे २६ किलोमीटरचा बांध. डावीकडे आयसेलमेर, उजवीकडे मार्करमेर, दोन्ही मोठी सरोवरं. १९७६ मध्ये पुरा झाला. उजवीकडचं पाणी उपसून तिथेही शेतजमीन काढायची होती, ते मागे पडलं आणि पाणी राहिलं. एन्क्हाउझनकडच्या भागात हल्ली दोन्ही अंगांना वाळूचे उतार केले आहेत, लाटा तिथे विरून जातात. पुढे मात्र दगड. झाड नाही, आडोसा नाही. आणि वारा आग्नेयेचा, म्हणजे नाकासमोरून.

वाऱ्याचा वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास होता. आपण अठराने चाललो तर अंगावर त्रेचाळीसचा वारा येतो, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तिथे समोरून आपलं अंग किती रुंद-उंच आहे यावर सगळं अवलंबून. मिलिंदचं डोकं, खांदे, छाती, मांड्या, सगळं वाऱ्यात. माझे पाय पुढे आणि धड त्यांच्या मागे झाकलेलं. सुरुवातीची काही मिनिटं आम्ही शेजारी शेजारी होतो, मग तो मागे पडायला लागला.

"माझ्या मागे लाग," मी म्हटलं.
लागला. थोड्या वेळाने ओरडला, "काही उपयोग नाही गं! तुझ्यामागे आडोसाच नाही!"

खरं होतं. रिकम्बंट वारा कापते तो खालून, मागच्या माणसाचं डोकं तर सोडाच, छातीही झाकली जात नाही. मग ठरवलं, प्रत्येकाने आपल्या गतीने जायचं आणि बांधाच्या मध्यावरच्या ट्रिंटेलहाफन बंदराला भेटायचं. अशा रस्त्यावर ओढून-ताणून एकत्र राहण्यात दोघांचेही हाल.

पुढचा तासभर मी एकटी. कानात वारा, त्याखाली चेनचा बारीक आवाज. ही चेन म्हणजे साध्या अडीच-तीन चेनी जोडलेल्या, पुढच्या टोकावरच्या दातेरी चक्रापासून सीटखालच्या कप्पीवरून मागे जाते. कप्पीजवळ प्लास्टिकच्या नळीतून सरकताना तिची एक लय लागते, पायांची गती बिघडली की आधी तो आवाज सांगतो. मी हातांची पकड सोडून बोटांनीच हॅन्डल सांभाळत होते. पाणकावळे दगडांवर पंख पसरून बसलेले, ते माझ्या नजरेच्या रेषेत. ढगांचे तळ करडे, कडा पांढऱ्या. इतक्या वाऱ्यात इतकं बघायला मिळालं याचा मला फार आनंद झाला.

ऊन मात्र इथे वेगळ्याच जागी लागतं: नडग्यांवर, मांड्यांवर आणि हनुवटीखाली. पाऊस आला तर तोही समोरून तोंडावर. पुढे टोकदार छज्जा असलेली टोपी त्यासाठी ठेवते.

मिलिंद ट्रिंटेलहाफनला पोचला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं त्याचं. मी थर्मासमधला चहा दिला. तो गप्प होता. मग म्हणाला, "मलाही एकदा बसून बघायचंय."

बुधवार, ड्रोंटन

ही जमीन १९५७ मध्ये पाण्याबाहेर आली. त्याआधी पाण्याचा तळच. सपाट, सरळ, वाऱ्याची, आणि म्हणूनच असेल, रिकम्बंटचं हे एक माहेर झालं. रिकम्बंट बनवणारी फ्लेवोबाइक कंपनी इथलीच. क्वेस्ट ही पूर्ण कवच असलेली तीनचाकी वेलोमोबील इथेच २००० साली निघाली.

हा प्रकार एवढा दुर्मीळ का राहिला, हे मिलिंदने आज विचारलं. मला याचा मनापासून राग येतो. ७ जुलै १९३३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या, फारशा नावाजलेल्या नसलेल्या सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकम्बंटवर तासात ४५.०५५ किलोमीटर काढले. ऑस्कर एगचा ४४.२४७ चा विक्रम १९१४ पासून टिकून होता, तो मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या बांधली, पॅडलच्या आसापासून सीट किती मागे असू शकते याला मर्यादा घातली, आणि रिकम्बंट शर्यतीबाहेर गेली. नियम शर्यतीपुरता होता. पण कारखाने शर्यतीत जिंकणारी सायकल बनवतात, दुकानं तीच विकतात, आणि पोस्टमन, शाळकरी मुलं, माझ्यासारखे प्रवासी तिच्याच आकारावर बसतात. ज्यांना कधी शर्यत लावायचीच नव्हती त्यांच्या मानेचा आणि मनगटांचा निकालही संघटनेच्या त्या बैठकीच्या खोलीत लागला. कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये मानवी शक्तीच्या वाहनांची संघटना उभी राहिली, तेव्हा कुठे अशा सायकलींना पुन्हा मैदान मिळालं. मधली चाळीस वर्षं गेलीच.

दुपारी एका वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत मालकाने मिलिंदला जुनी सायकल दिली. आधी बूम, म्हणजे पॅडल धरणारी पुढची नळी, ओढून पॅडल त्याच्या पायांना पुरतील इतकं लांब केलं, त्यासाठी चेनचे चार दुवे वाढवावे लागले. बसल्यावर त्याने पहिलं काय केलं तर हॅन्डल घट्ट आवळलं, आणि सायकल डुलायला लागली.

"खांदे सोड. हात लोंबू दे. पुढे लांब बघ, चाकाकडे नको."
"पडलो तर?"
"जमीन जवळच आहे. वेग घे, वेगात ती आपोआप सरळ होते."

तिसऱ्या फेरीत जमली. मालकाच्या कुत्र्याला वळसा घालून आला तेव्हा तो इतका मोठ्याने हसत होता की आतून दोन कामगार बघायला बाहेर आले.

जेवताना आमची चर्चा अजून चालू आहे: हॅन्डल सीटखाली की छातीसमोर. त्याला छातीसमोरचं हवं, सामान लादून गल्लीतून नेताना सोपं वाटतं म्हणतो. मी सीटखालच्या बाजूने, बोटं बधिर होणाऱ्याने तरी तेच घ्यावं. स्प्रिंग त्याच्या वजनाला धरून हवी, मागच्या पिशव्या माझ्याच बसतील. उद्या काम्पनला निघण्याआधी पुन्हा त्या वर्कशॉपमध्ये जायचं आहे, त्यांच्याकडे दोन जुन्या आहेत. नऊला उघडतं.