तुम्ही विचारलंत म्हणून: स्टोन रोझेसचा पहिला अल्बम खरंच एवढा भारी आहे का?

मँचेस्टरच्या या चार जणांच्या रॉक बँडबद्दल हा प्रश्न मला सारखा येतो. कुणी ओएसिस ऐकत ऐकत मागे जातं, कारण ओएसिसचा गायक लियम गॅलगरने स्टोन रोझेसना लाइव्ह बघून बँडमध्ये जायचं ठरवलं हे त्याने स्वतःच कितीदा सांगितलंय. कुणी मँचेस्टर युनायटेडच्या नादाने येतं, ओल्ड ट्रॅफर्डवर टीम मैदानात उतरताना जे गाणं वाजतं ते 'धिस इज द वन', याच अल्बममधलं, आणि रात्री जागून मॅच बघणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी ते नाव माहीत नसताना ऐकलेलं असतं. मग कुठेतरी वाचतात की हा ब्रिटनचा सर्वोत्तम अल्बम आहे, लावतात, आणि मला मेसेज येतो, "छान आहे, पण यात एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे?"

तर सविस्तर सांगतो.

आधी हे मान्य करू की न आवडणाऱ्यांचं म्हणणं हवेतलं नाहीये. ते म्हणतात गिटार साठच्या दशकातली आहे, त्या काळचा अमेरिकन बँड द बर्ड्स ऐकलेल्या माणसाला नवीन काही नाही. बरोबर आहे, गिटारिस्ट जॉन स्क्वायरच्या वाजवण्यात ती किणकिण आहेच. ते म्हणतात गायक इयन ब्राउनला गाता येत नाही. लाइव्ह रेकॉर्डिंग्ज ऐकलीत तर यावर वाद घालायला जागाच उरत नाही, सूर सुटतो, बऱ्याचदा सुटतो. ते म्हणतात साऊंड पातळ आहे, सगळं धुक्यातून आल्यासारखं. हेही थोडं खरंय, 1989 चं मूळ मिक्स आजच्या कानाला हलकं वाटतं.

पण एक मोठा गोंधळ अपेक्षेचा असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांच्या डोक्यात 'मॅडचेस्टर' असतं, म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेरचं मँचेस्टरचं नाचगाण्याचं वेड, हासिएन्डा क्लब, ढगळ पँटी, रात्रभर नाच, आणि त्यांनी आधी 'फूल्स गोल्ड' ऐकलेलं असतं, ते जवळपास दहा मिनिटांचं फंकी प्रकरण. ते गाणं मूळ ब्रिटिश अल्बमवर नाहीच! अल्बम आला मे 1989 मध्ये, 'फूल्स गोल्ड' आलं त्याच वर्षी नोव्हेंबरात, वेगळं सिंगल म्हणून. नंतर अमेरिकेतल्या आवृत्तीत ते शेवटी जोडलं गेलं. त्यामुळे डान्स रेकॉर्ड समजून लावलेल्या माणसाला समोर येतो गिटार पॉपचा अल्बम, आणि तो म्हणतो फसवलं.

माझं म्हणणं असं आहे की या अल्बमची खरी ताकद गायक आणि गिटारिस्टमध्ये नाहीये, ती मानीच्या बेसमध्ये आणि रेनीच्या ड्रम्समध्ये आहे, आणि बहुतेक भांडण तिथेच सुरू होतं कारण फोनच्या स्पीकरवर किंवा कामात असताना मागे लावून ऐकलंत तर नेमकं तेच निसटतं आणि उरते ती किणकिण आणि कुजबुजल्यासारखा आवाज.

पहिलंच गाणं घ्या, 'आय वॉना बी अडोअर्ड'. सुरुवातीला फक्त गडगडाट आणि घुमणारे आवाज, वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि मग खालून बेस येतो. चारच माणसांचा बँड, पण ते एकेक करून आत येतात, घाई अजिबात नाही, इयन ब्राउन तोंड उघडेपर्यंत दीड मिनिट होत येतं. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं असं उघडायचं, शब्द तर इतके थोडे की एका पोस्टकार्डावर मावतील, याला जो आत्मविश्वास लागतो तो मला आजही थक्क करतो.

आणि शेवटचं 'आय अ‍ॅम द रेझरेक्शन'. सुरुवातीला रेनी एकटा, साधा सरळ ठेका, मग बेस. मानी म्हणे साऊंडचेकला बीटल्सच्या 'टॅक्समन'चा रिफ उलटा वाजवत बसायचा, त्यातून हे वाढत गेलं. साधारण साडेतीन मिनिटं हे चांगलं, तिखट, कुणालातरी दारातून हाकलून देणारं पॉप गाणं आहे. मग ते थांबतं. आणि पुन्हा सुरू होतं ते शब्दांशिवाय, आणि पुढची चार-साडेचार मिनिटं हे तिघं जे वाजवतात त्यात रेनीचं हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी ऐका, फक्त हाय-हॅट, तो कुठे जोर देतो कुठे सोडून देतो ते. रॉक ड्रमर असं सहसा वाजवत नाहीत, यात झुलणं आहे. नाचाचं म्हणाल तर ते इथे आहे, गिटारच्या खाली.

'डोन्ट स्टॉप'वरून तर चाहत्यांमध्येच दोन तट आहेत. आधीच्या 'वॉटरफॉल'ची टेप उलटी वाजवून त्यावर नवे शब्द गायलेत. अर्ध्या लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. मी पक्का दुसऱ्या बाजूचा, कारण ती उलटी गिटार श्वास आत ओढल्यासारखी वाजते आणि 'वॉटरफॉल'च्या लगेच नंतर आल्यामुळे ओळखीची वस्तू अनोळखी होते. प्रोड्यूसर जॉन लेकी अ‍ॅबी रोडमध्ये शिकलेला माणूस, टेपशी खेळणं त्याच्या हातातलं. 'एलिझाबेथ माय डिअर' मात्र मी सोडून देतो, 'स्कारबरो फेअर'ची जुनी चाल घेऊन राणीवर राग, मिनिटभरात संपतं, राग खरा आहे पण गाणं म्हणून त्यात फार काही नाही.

आता 'सर्वोत्तम'चं काय. 2004 मध्ये ऑब्झर्व्हर या ब्रिटिश वृत्तपत्राच्या यादीत आणि 2006 मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाच्या यादीत हा ब्रिटिश अल्बममध्ये पहिला होता, बीटल्सच्याही वर. या पाटीने अल्बमचं नुकसानच केलं असं मला मनापासून वाटतं. 1989 मध्ये ऐकणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, अल्बम तेव्हा चार्टच्या पहिल्या दहातसुद्धा गेला नाही, तो हळूहळू पसरला. पुढे रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकचेरी, दुसरा अल्बम यायला 1994 उजाडलं, तो खूप जड गिटारचा निघाला आणि अनेकांची निराशा झाली. त्या पाच वर्षांच्या रिकाम्या जागेत पहिल्या अल्बमची दंतकथा वाढत गेली. त्या काळात तिथे तरुण असलेल्यांसाठी यात ब्लॅकपूल आणि स्पाइक आयलंड इथल्या बँडच्या गाजलेल्या कॉन्सर्ट आहेत, त्यांचं स्वतःचं वय आहे, आणि ते प्रेम खोटं नाही. पण ते तुम्ही-आम्ही उसनं आणू शकत नाही आणि आणायची गरजही नाही.

माझ्यापुरतं विचाराल तर पहिला नंबर नाही. मँचेस्टरचाच घ्यायचा तर द स्मिथ्सचा 'द क्वीन इज डेड' मी वर ठेवीन, त्यातले शब्द फार पुढचे आहेत. पण 'द क्वीन इज डेड' मी बसून ऐकतो, आणि 'रेझरेक्शन'च्या त्या दुसऱ्या भागाला मला आजवर एकदाही बसून राहता आलेलं नाही. चांगले हेडफोन घ्या, आवाज वाढवा, आणि पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे दुर्लक्ष करा. तरीही नाही आवडला तर सांगा, कुठे कंटाळा आला ते नेमकं सांगा, मला ऐकायचंय.