चौथ्या चरणातली जागा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा शाळेविषयी बरेच काही लिहावे असे मनात होते. परंतु लिहायला बसलो की संगीताच्या बाईंखेरीज दुसरे काही आठवत नाही, त्याला माझा इलाज नाही.

मी नववीत असताना स्नेहसंमेलनातल्या प्रार्थनेला चाल लावण्याचे काम बाईंनी माझ्यावर सोपवले. मुखडा पहिल्याच संध्याकाळी सुचला आणि अंतऱ्यापाशी मी जो अडलो, तो चार दिवस. रोज मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत जाऊन पेटीवर बोटे फिरवायची, पाठ असलेल्या नाट्यपदांचे तुकडे त्यात बसतात का ते पाहायचे आणि घंटा झाली की स्वतःवरच चिडून वर्गात परतायचे, असा क्रम चालला होता. पाचव्या दिवशी बाईंनी पेटीचा भाता मिटला आणि प्रार्थनेचा कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आधी हे दहा वेळा मोठ्यानं वाच. अक्षरं बोटांवर मोज."

मोजली. सहा, सहा, सहा आणि चार. म्हणजे मोठ्या अभंगाचा छंद. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिले तिन्ही चरण सहज बसत होते, पण चौथ्याची चारच अक्षरे मला अपुरी वाटत आणि ती उणीव मी हरकतींनी, म्हणजे स्वरांच्या छोट्या नक्षीने, बुजवत होतो. चाल गुदमरत होती ती नेमकी तिथे. "कवीनं दोन अक्षरं कमी दिली आहेत ती श्वास घ्यायला. तिथं तू कशाला धावतोस?" एवढेच त्या म्हणाल्या.

वर आणखी एक अट घातली, की भूप रागाच्या पाच स्वरांबाहेर जायचे नाही. पाच स्वरांत नवे काय निघणार, अशी मी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी आधी भूप आणि पाठोपाठ देसकार गुणगुणून दाखवला. दोन्हींचे स्वर तेच, सा रे ग प ध. पण एकात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, दुसऱ्यात धैवत, आणि तेवढ्या फरकाने रात्रीच्या रागाचा सकाळचा राग होतो. त्या दिवशी शाळा सुटायच्या आत अंतरा पुरा झाला. (चाल काही थोर नव्हती, आणि संमेलनात तबला पुढे पळाला तो वेगळाच.)

आज नाटकांना संगीत देऊन माझा चरितार्थ चालतो. संगणकावर शेकडो वाद्यांचे आवाज हाताशी असतात आणि त्यांतून निवडण्यातच दिवस मावळतो. अशा वेळी मी संगणक बंद करून संहिता मोठ्याने वाचतो. अडलेली चाल टाकून न देता तारीख घालून वहीत उतरवून ठेवायची, ही सवयही बाईंचीच. सध्या अकरावी वही चालू आहे. शाळेत संगीताची स्वतंत्र खोली आता उरली नाही, हे कळल्यावर मात्र वाईट वाटले.

महोत्सवाच्या गीताचे शब्द गेल्या आठवड्यात हाती आले. पेटी अजून उघडलेली नाही. दुसऱ्या कडव्यात एक अक्षर जास्त भरते आहे, ते कवीला विचारायचे आहे.